अडचण आल्यास

इलेक्ट्रिक गाड्या घ्या म्हणून लोकांच्या मागे लागणं ही माझी नोकरी. दिवसभर त्यांना फिरवून माझ्याच गाडीची बॅटरी संपत आली होती, आणि मागच्या सीटवर वडिलांना श्वास घेववत नव्हता. ॲम्ब्युलन्सला तास लागणार होता. कसाबसा आमच्याच कंपनीच्या चार्जिंग स्टेशनला पोचलो, तर एकुलत्या एका चार्जरला कुणाचीतरी गाडी लावलेली, मालक गायब. मी दोन्ही हातांनी केबल ओढली. हलेना. दुसऱ्याची केबल कुणी काढू नये म्हणून हे लॉक मीच भांडून बसवून घेतलं होतं. “अहो, तुटेल की!” वॉचमन धावत आला. “बोर्डावर नंबर दिलाय ना, अडचण आल्यास फोन करा म्हणून. थांबा, मीच लावतो.” त्याने लावला. माझ्या खिशातला फोन वाजायला लागला. मी केबलला लटकलेलाच. मागून वडील धापा टाकत म्हणाले, “उचल रे. कुणीतरी अडकलं असेल.”