शेळ्यांची रेंज

ठकूबाई येडगे शेळ्या घेऊन करंजवाडीत शिरली, तेव्हा आज कुणीच फोन घेऊन तिच्याकडे धावलं नाही. नऊ वर्षं या डोंगरात इंटरनेट यायचं ते तिच्या शेळ्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यांवर बसवलेल्या यंत्रांमधून. कळप वाडीत थांबेल तेवढाच वेळ रेंज असायची. "अजून घटकाभर थांब गं," म्हणत बायका तिला चहा पाजायच्या, भाकरी बांधून द्यायच्या.

गेल्या आठवड्यात छपराछपरावर स्वस्तातली चकती बसली आणि नेट घराघरांत पोचलं. चांगलंच झालं, असं ठकूबाईनं मनाला बजावलं, तरी डोळे भरून आलेच. ती कळप वळवू लागली, तोच म्हातारे गुणाजीआबा फोन घेऊन लगबगीनं बाहेर आले.

"आबा, घरात नेट न्हाई व्हय?"

"हाय की! पण सुरतेला दिलेली माझी पोरगी म्हणत्या, शेळ्या वरडल्या न्हाईत तर तुम्ही घरनं बोलताय असं वाटतच न्हाई."

आबा शेळ्यांच्या मधोमध दगडावर टेकले. ठकूबाईनं जीभ टाळ्याला लावून साद घातली, तसा सगळा कळप एकदम ओरडू लागला. फोनमधून आधी पोरीचं हसू ऐकू आलं, मग ती म्हणाली, "ठकूबाईला म्हणावं, अजून घटकाभर थांब गं."