बिनमोटरीची सायकल
सेलूतल्या प्रेमदास सायकलमिस्त्रीनं बायकोच्या सायकलला पायडलपाशी मोटर बसवली, तेव्हा दीपमालाचे पाय अंगणवाडीत कामावर जायलाही साथ देईनासे झाले होते. ते दिवसेंदिवस लुळे पडत जाणार, यावर औषध नाही, हे डॉक्टरांनी त्याला एकट्यालाच सांगितलं होतं. पायडल मारलं की मोटर जोर लावायची. दर महिन्याला प्रेमदास तो गुपचूप वाढवून ठेवायचा. दीपमालाला वाटायचं, पायांतच बळ येतंय. आज सकाळी तिनं स्वतःच मोटरची बॅटरी काढून ओट्यावर ठेवली. "आता नाई लागत मले हे. पाय सुधरले माहे." सीटवर बसून तिनं पायडल दाबलं. सायकल जागची हलेना. प्रेमदासनं मागून कॅरिअर धरलं आणि जिवाच्या आकांतानं ढकललं. सायकल निघाली, ती हसली. अंगणवाडी तीन किलोमीटरवर होती. "सोडा नं आता," ती मागे न बघताच म्हणाली, "जाते मी एकटी."