जावईबापू

साडू फोनवर गयावया करत होता आणि हेडक्लार्क जीपच्या टपावरचे दिवे पुसत ते चवीचवीनं ऐकत होता. टेकडीखालचा रस्ता रुंद करायला खणून ठेवलेला, त्यात रात्रभर पाऊस झालेला. साडूची बारकी मोटार तिथल्या खोलगट भागात रुतून बसली होती आणि मोटारीत सासूबाई होत्या. त्यांचा एक डोळा आधीच गेला होता. उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन आज दुपारी होतं. डॉक्टर बाहेरगावचे, आजची वेळ हुकली तर पुढची कधी मिळेल याचा नेम नव्हता.

‘तरी मी सांगत होतो, काडेपेटीत माणसं बसवू नयेत,’ एवढं ऐकवून हेडक्लार्कनं फोन ठेवला.

साडू त्याच्या खिजगणतीतही नव्हता. शाळेत पोरांना चित्रं काढायला शिकवणारा माणूस, मोटार घेतली तीही हप्त्यांवर, आणि धुणार कधी तर आठवलं की. हेडक्लार्कचं तसं नव्हतं. लिलावात निघालेली जुनी जीप त्यानं पडत्या भावात उचलली होती, चारही चाकांनी जोर लावणारी, डोंगर चढणारी. गेली चार वर्षं तो तिच्या अंगावर एकेक दागिना चढवत होता, आणि तेही पगाराला हात न लावता. ‘जे वापरात नाही ते काढ, विकून टाक, त्यात नवीन बसव. मला विचारत बसू नकोस,’ असं त्यानं मिस्त्रीला एकदाच बजावलं होतं. मागची बाकडी गेली आणि जाड टायर आले. हीटर गेला, लोखंडी नळ्यांचा बंपर आला. टपावर दिव्यांची रांग आली. हे सगळं तो ऑफिसात रंगवून सांगायचा आणि हप्ते भरणाऱ्यांकडे कीव केल्यासारखा बघायचा.

जीप मात्र डांबरावरून खाली कधी उतरली नव्हती. चिखलानं रंग खराब होतो, दगडानं टायर फाटतो. बायको तिला जावईबापू म्हणायची. नुसते लाड करून घेतात, कामाला हात लावत नाहीत, असं ती चारचौघांत सांगायची. सांगताना ती नेमकं कुणाकडे बघते, हे हेडक्लार्कनं कधी पाहिलं नव्हतं.

आज तीच बायको मागे, बाकडी नाहीत म्हणून हत्यारांच्या पेटीवर, मुकाट बसून आली. रस्ता खणला होता तिथे जीप स्वतःच्या वजनानं घसरत खाली गेली. हेडक्लार्कला ती झेप वाटली. साडू चिखलात नडगीपर्यंत बुडून उभा होता. नुकतेच कामावर आलेले मजूर फावडी टेकवून बघू लागले. बघणारे आहेत म्हटल्यावर हेडक्लार्कनं टपावरचे सगळे दिवे लावले, दिवसाच्या लख्ख उजेडात. मग त्यानं सासूबाईंना हाताला धरून पुढच्या सीटवर आणलं. त्या चाचपडत बसल्या आणि म्हणाल्या, ‘तुमची गाडी होती म्हणून बरं.’ त्याला अगदी भरून आलं. चार वर्षांत त्याच्या जीपबद्दल घरातलं कुणी पहिल्यांदाच बरं बोललं होतं.

गिअरशेजारी एक आखूड दांडा होता. तो ओढला की पुढची चाकंही जोर लावतात. दांड्याला त्यानं शिसवी मूठ बसवून घेतली होती आणि मुठीवरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. ते त्यानं टराटरा फाडलं, साडूकडे एक नजर टाकली आणि दांडा ओढला.

जीप हातभर चढली आणि बसली. इंजिन बोंबलत राहिलं, मागून चिखल उडत राहिला आणि साडूचा चष्मा त्यात पार बुजून गेला. जीप जागची हलेना. बऱ्याच वेळानं सासूबाईंनी विचारलं, ‘आलं का हॉस्पिटल?’

मजुरांतली एक बाई खाली वाकली आणि म्हणाली की पुढची चाकं फिरतच नाहीत. हेडक्लार्क तिच्यावर खेकसला. तिनं आपलं फावडं बघावं, जीपमध्ये नाक खुपसू नये. मजुरांनी मागून जोर लावून पाहिला, पण ते टायर आणि तो बंपर काही हलायला तयार नव्हते. तेव्हा बायको पेटीवरून उतरली आणि तिनं आईला काडेपेटीत नेऊन बसवलं. मोटार हलकी होती. मजुरांनी ती ढकलत, मध्येच उचलत, डांबरापर्यंत नेली. साडूनं वरून हाक मारली, तुम्हीही चला, दाटीवाटीनं मावू. तो हे मनापासून म्हणत होता, आणि तेच हेडक्लार्कला फार लागलं. त्यानं मान फिरवली. बायको जाताना एवढंच म्हणाली की जावईबापूंना उन्हात ठेवू नका. मोटार शहराच्या वाटेला लागली. हाताशी अजून वेळ होता, सासूबाई वेळेत पोचणार होत्या.

हेडक्लार्कनं मिस्त्रीला फोन लावला. हात चिखलानं भरले होते, म्हणून स्पीकर चालू केला आणि फोन बॉनेटवर ठेवला. मजूर जवळ सरकले. टपावरचे दिवे अजून जळतच होते.

‘अरे, पुढची चाकं फिरत नाहीत! काय करून ठेवलंयस?’

‘फिरतील कशी, साहेब?’ मिस्त्री म्हणाला. ‘पुढच्या चाकांना जोर देणारा शाफ्ट विकूनच तर टपावरचे दिवे आणले. तुम्हीच म्हणाला होतात, वापरात नाही ते काढ. त्या मुठीवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं.’