चिंगूस गिऱ्हाईक

"वहिनी, जाहिराती दाखवणारा टॅब स्वस्त मिळतो, पण नंतर वसूल करतो," असं दिराने बजावलं होतं.

"अहो भावजी, पैसे वाचवायला जाहिराती सोसणारं चिंगूस गिऱ्हाईक त्यांच्या काय कामाचं?" म्हणून मृण्मयी हसली होती.

मग टॅबवरच्या जाहिराती बघून रांगत्या लेकासाठी गुडघ्यांचे पॅड, टेबलाच्या कोपऱ्यांना रबरं, ड्रॉवरला कुलपं असं एकेक येत गेलं.

आज टॅबने विचारलं, "तुमचं बाळ आत्ता कुठे आहे?" तिने घाबरून आधी बाळावर नजर ठेवणारा कॅमेरा मागवला आणि मग मागे वळून पाहिलं. सतरंजी रिकामी होती. लेक पलंगाखाली नव्हता, मोरीतही नव्हता. तेवढ्यात कालच्या पार्सलचा खोका खुदकन हसला.

तुम्ही हे अशाच टॅबवर वाचत असाल, तर आधी तुमचं बाळ बघून या.