मनोऱ्यावरची दुर्बीण

बाहेर पडताना दिवे मीच मालवते. हॉटेलची खोलीही त्याला अपवाद नव्हती. त्यामुळे रात्रीचे शहर पाहायला मनोऱ्यावर आल्यावर, दुर्बिणीतून आमचीच खोली उजळलेली दिसताच माझा संताप अनावर झाला.

खिडकीत माझी शाल पांघरून एक वृद्धा बसली होती.

“सूनबाई, किल्ली कोणाला दिलीस?” मी खडसावले.

सुनेने दुर्बिणीला डोळा लावला आणि माझ्या मुलाला म्हणाली, “अहो, आईंनी दिवा मालवला एकदाचा. बरं झालं त्या आल्या नाहीत. इथेही दिवे मालवत हिंडल्या असत्या!”

मी दोघांनाही नावाने हाक मारली. माझी हाक डावलण्याची आजवर कोणाची प्राज्ञा नव्हती.

दोघे हसत लिफ्टमध्ये शिरले आणि माझ्या तोंडावर दार लागले.