राखणदेवीची नजर

गेम बाजारात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. मालिकेतला हा चौथा गेम, पण गावाच्या वेशीवरची राखणदेवी पहिल्यापासून तीच आहे. ज्याच्यावर संकट येणार, त्याच्याकडे ती बघते. तिनं हात उचलला की तो वाचतो. तिच्याही हाताबाहेरचं असेल, तर ती डोळे मिटून घेते.

आज दुपारी ती गावाकडे बघेचना. पडद्यातून बाहेर बघत होती, माझ्या खांद्यावरून मागे.

मागे ताईंचं टेबल होतं. देवीचा चेहरा त्यांनीच घडवलाय.

"ताई, तुमची देवी बिघडली बघा."

"माझी देवी कशाला बिघडतेय? तूच काहीतरी उपद्व्याप केला असशील."

हसत हसत त्या पाण्याची बाटली भरायला खिडकीपाशी गेल्या. देवीची नजर खिडकीकडे सरकली. त्या परत आल्या, तशी नजरही परत आली.

मी गेम बंद करून पुन्हा सुरू केला. वेस दिसायच्या आधीच डोळे दिसले.

ताईंनी पर्स खांद्याला अडकवली. "उद्या बघू हं. लेकीची शाळा सुटेल आता."

"ताई, थोडं थांबा ना."

"का रे?"

मी वेड्यासारखी बटणं दाबत राहिलो. देवीचा हात हलला, कमरेपर्यंत आला, थरथरला आणि खाली पडला.

"येते रे," ताई दारातून म्हणाल्या.

देवीनं डोळे मिटले.