मागे फिरलेली फेरीबोट

फेरीबोट धक्क्यावरून सुटली होती. रॅगनहिल्ड टॅक्सीतून उतरली आणि धक्क्यावरच्या माणसाकडून तिने वायरलेस जवळजवळ हिसकावूनच घेतला. दुसऱ्या हातातली निळी पेटी मात्र तिने खाली ठेवली नाही.

"कप्तान, बोट मागे घ्या. बर्गनला धुकं म्हणून विमान हाउगेसुंदला उतरवलं. माझ्याजवळच्या पेटीत दात्याची अस्थिमज्जा आहे."

"बाई, वेळापत्रक म्हणून काही असतं," कप्तान ऑडवारचा आवाज आला. "माझी बायको डबा घेऊन तिथंच उभी होती, तेव्हाही मी फिरलो नव्हतो. पुढची बोट घ्या."

"तोवर उशीर होईल. बर्गनच्या रुग्णालयात माझा मुलगा पडलाय. कॅन्सर आहे. जालीम केमो देऊन त्याची स्वतःची मज्जा पार मारून टाकलीय. ही वेळेत पोचली नाही तर तो गेलाच म्हणून समजा."

मग बोट हळूहळू वळू लागली.

टॅक्सी बोटीवर चढल्यावर ऑडवारने रॅगनहिल्डला वर आपल्याजवळ बसवलं, कॉफी दिली. "पेटी ठेवा की खाली. पळून नाही जायची."

"असू दे," ती म्हणाली. भीती चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, हे तिनं विमानातच ठरवून टाकलं होतं.

"नाव काय मुलाचं?"

रॅगनहिल्ड धुक्याकडे बघत राहिली. "आत्ता नाव नका विचारू."

ऑडवार ओशाळला. इतकी वर्षं खाऱ्या वाऱ्यात काढलेला गडी, पण त्याचे डोळे भरून आले. त्याने बोटीचा वेग वाढवला.

पलीकडच्या धक्क्यावर त्याची पाळी संपली, तसा तो सरळ तिच्या टॅक्सीत येऊन बसला. "साहेबांच्या शिव्या तर खायच्याच आहेत. त्याआधी पोरगं वाचतंय का, ते तरी बघतो."

वॉर्डच्या दाराशी नर्स तोरुनने पेटीचं तापमान पाहिलं, कागद जुळवले आणि पेटी आत पाठवली. रॅगनहिल्डचे हात आता कुठे रिकामे झाले. तिला रडू आलं आणि तिने ते आवरलंही नाही.

ऑडवारने टोपी काढली. "यांचा मुलगा कसा आहे, सिस्टर?"

तोरुन गोंधळली. "यांचा मुलगा? अहो, या पेटी पोचवणाऱ्या स्वयंसेवक आहेत. पेशंट कोण, हे आम्ही त्यांना सांगतच नाही."

ऑडवार रॅगनहिल्डकडे वळला.

"मला मूलबाळ नाही, कप्तान," डोळे पुसत ती म्हणाली. "आत बाई आहे की पुरुष, तेही मला ठाऊक नाही."